आठ आकडा झाला, आता थांबून दाखवायला सांगा: दुचाकीचा परवाना देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दुचाकीचा परवाना देणाऱ्या यंत्रणा, परीक्षेचे नियम ठरवणारे अधिकारी आणि मैदानात उन्हातान्हात उभं राहून परीक्षा घेणारे परीक्षक,

सप्रेम नमस्कार.

बस आणि रेल्वेने कामावर जाणं सोडून मी स्कूटर घेतली. शिकाऊ परवाना काढला, परीक्षा दिली, पक्का परवाना हातात आला आणि आता रोज स्कूटरनेच जाते-येते. हा बदल मला मनापासून पटलेला आहे. ज्यांचं कामाचं ठिकाण स्टेशनपासून लांब आहे, ज्यांना वाटेत मुलांना सोडायचं असतं, ज्यांची पाळी शेवटची बस गेल्यावर संपते, अशा असंख्य लोकांना स्कूटरने वेळ दिला आहे आणि कुणावर अवलंबून न राहता घराबाहेर पडण्याची मोकळीक दिली आहे. असे लोक वाढत जाणार आहेत. त्यातले पुष्कळसे तिशी-चाळिशीत पहिल्यांदा दुचाकीला हात लावणारे असतील. त्यांच्या वतीने एकच गोष्ट मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आम्ही गाडी किती हळू चालवू शकतो हे तुम्ही तपासता. गाडी किती लवकर आणि किती नीट थांबवू शकतो, हेही तपासा.

सगळीकडची परीक्षा सारखी नसते, याची मला जाणीव आहे. काही देशांत ती कडक आहे, काही ठिकाणी दहा मिनिटांत उरकते. पण जिथे ती थोडक्यात उरकते तिथलं चित्र साधारण एकच असतं. चिन्हं आणि नियम यांवरचे काही प्रश्न, मग मैदानात उभे केलेले शंकू किंवा आखलेली रेघ, त्यांच्यामधून पाय न टेकता वळत जायचं, आठ आकडा काढायचा, हात किंवा इंडिकेटर दाखवायचा, गाडी उभी करायची. पाय टेकला तर नापास, नाही टेकला तर पास.

पाय न टेकता आठ काढायला लावण्यात गैर काहीच नाही. स्कूटरच्या बाबतीत तर त्यात खरं कसब आहे. बिनगिअरच्या स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसतो. इंजिनचे फेरे वाढले की आतला क्लच आपोआप पकड घेतो, फेरे उतरले की सोडून देतो. त्यामुळे अगदी हळू वळताना घाबरून वेगाची (ॲक्सिलरेटरची) मूठ पूर्ण सोडली तर चाकाचा जोर एकदम जातो आणि गाडी आतल्या बाजूला कलंडायला लागते. मूठ किंचित उघडी ठेवायची, मागचा ब्रेक हलकासा धरून वेग आवरायचा आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचं तिथे ठेवायची. हे ज्याला साधलं त्याचा आठ सुबक येतो, आणि पुढे वाहतुकीच्या रांगेत सरकताना, चढावर, अरुंद फाटकातून आत वळताना तेच कसब रोज कामी येतं. म्हणून आठ ठेवा. मात्र आठ काढणाऱ्याचा वेग पायी चालणाऱ्यापेक्षा फारसा जास्त नसतो, आणि परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस ताशी ४०-५० किलोमीटरने धावणाऱ्या वाहतुकीत असतो. तिथे त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे कुणीही पाहिलेलं नसतं. त्याने स्वतःनेही नाही.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही आडवं आलं, ते डोळ्यांना दिसलं, मेंदूला कळलं आणि बोटं ब्रेकवर पोचली, एवढ्यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक व्यवस्थित लावले तर गाडी आणखी दहाएक मीटरमध्ये थांबते. फक्त मागचा ब्रेक लावला तर त्याच दहाचे सतरा-अठरा होतात. मधल्या सात-आठ मीटरमध्ये एक अख्खी मोटार मावते आणि वर जागा उरते. वेग ४० ऐवजी ५० असेल तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपटीहून जास्त होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. स्पीडोमीटरचा काटा दहानेच पुढे गेलेला दिसतो, त्यामुळे हे चालवणाऱ्याला जाणवत नाही.

मागचा ब्रेक एकटा का पुरत नाही, याचं कारण सोपं आहे आणि ते प्रत्येक शिकाऊ माणसाला मैदानातच दाखवता येतं. ब्रेक लागला की गाडीचा आणि चालवणाऱ्याचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो. मागचं चाक हलकं पडतं, रस्त्यावरची त्याची पकड कमी होते आणि जास्त दाबलं की ते जाम होऊन फरफटत जातं. पुढच्या चाकाची पकड नेमकी त्याच क्षणी वाढलेली असते. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद उजव्या हाताच्या लिव्हरमध्ये असते, आणि नेमक्या त्याच लिव्हरची आम्हाला भीती घातलेली असते. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील’ हे वाक्य न ऐकलेला दुचाकीवाला मला अजून भेटलेला नाही. वडील मुलीला सांगतात, नवरा बायकोला सांगतो, मित्र मित्राला सांगतो. त्या सल्ल्यात काही तथ्यही आहे. वळणावर, वाळूवर, खडीवर किंवा ओल्या लोखंडी झाकणावर पुढचा ब्रेक एकदम खेचला तर स्कूटरचं लहान चाक खालून निसटतं. पण त्यावरचा उपाय तो ब्रेक विसरून जाणं हा होऊ शकत नाही. गाडी सरळ करायची, मूठ सोडायची, दोन्ही लिव्हर एकाच वेळी धरायच्या आणि पुढची झटका न देता आवळत न्यायची. आधी भार पुढे येऊ द्यायचा, मग दाब वाढवायचा. हे पंधरा मिनिटांत सांगून होतं, अंगात मुरायला मात्र पुन्हा पुन्हा करावं लागतं. आणि माणूस जे पुन्हा पुन्हा करतो, ते बहुतेक वेळा परीक्षेत विचारलं जाणार असतं म्हणूनच करतो.

ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि पोलिसांकडच्या ३,६०० नोंदी अभ्यासल्या. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के एकतर स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. टक्कर टाळण्यासाठी त्यांच्या हाताशी बहुतेक वेळा दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ होता. त्या वेळात बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच नाही. हा अभ्यास स्कूटरचा नव्हता, रस्तेही चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचे होते. पण हात तेच आहेत, भीती तीच आहे, आणि ‘पुढचा लावू नकोस’ हा सल्लाही तोच आहे.

स्कूटरच्या उजव्या हाताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परीक्षा ठरवणाऱ्यांचं तिकडे लक्ष गेलेलं मला दिसत नाही. सरावाच्या मैदानात एक पन्नाशीच्या बाई शिकत होत्या. शिकवणारा मुलगा गाडीच्या बाजूने धावत होता. त्या सरळ रेषेत छान चालल्या होत्या, खांदे सैल, नजर समोर. मैदानाच्या टोकाची भिंत जवळ आली तसा तो ओरडला, ‘ब्रेक! ब्रेक!’ बाईंनी दोन्ही मुठी गच्च आवळल्या. पण उजव्या हाताची बोटं लिव्हरवर नव्हती, चारही बोटं मुठीभोवतीच होती. मूठ आवळताना मनगट खाली गेलं, मनगट खाली गेल्यावर मूठ पिळली गेली आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे उसळली. गाडी पुढे, अंग मागे. अंग मागे गेल्यामुळे हात ताणले गेले आणि मूठ आणखी पिळली गेली. मुलाने मागची दांडी धरून गाडी ओढली, म्हणून ती भिंतीच्या अलीकडे आडवी झाली. बाईंना लागलं नाही. पण त्या गाडीकडे अशा बघत होत्या की जणू ती आपल्या मनाने धावली होती.

ती आपल्या मनाने धावलेली नव्हती. स्कूटरवर एकाच हाताला वेग वाढवण्याचंही काम आहे आणि वेग कमी करण्याचंही, आणि दचकलेला माणूस हातातली वस्तू सोडत नाही, घट्ट धरतो. मोटारीत या दोन कामांसाठी पायाला दोन वेगळे पेडल असतात. गिअरच्या मोटारसायकलवर निदान डाव्या हाताने क्लच दाबून जोर तोडता येतो. बिनगिअरच्या स्कूटरवर तीही सोय नाही. इलेक्ट्रिक स्कूटरवर तर मूठ पिळताक्षणी पूर्ण जोर मिळतो आणि उभी असताना आवाज नसल्याने ती चालू आहे हेच नवख्याच्या लक्षात राहत नाही.

त्या मुलाने नंतर जे केलं ते मला फार आवडलं. इंजिन बंद केलं, गाडी स्टँडवर घेतली आणि बाईंना नुसतं बसवलं. मनगट सरळ ठेवायचं, दोन बोटं लिव्हरवर टेकवूनच ठेवायची, तो ‘थांब’ म्हणाला की आधी मूठ पुढे सोडायची आणि त्याच हालचालीत बोटं आवळायची. पुन्हा. पुन्हा. मग गाडी चालू करून चालण्याच्या वेगात, मग त्याहून थोड्या जास्त वेगात. त्याला हे कुणी शिकवलं होतं माहीत नाही, पण नवख्या स्कूटरवाल्याला शिकवण्यासारखी याहून मोलाची गोष्ट नसेल. मात्र तुमच्या परीक्षेत तिला एकही गुण नाही. शिकवणाऱ्याने हा वेळ आठ आकड्यावर घालवला असता, तर त्याचे विद्यार्थी अधिक संख्येने पास झाले असते. तुम्ही जे विचारता तेच शिकवलं जातं, म्हणून हे पत्र शिकवणाऱ्या संस्थांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

काही देश हे विचारतातच. जपानमध्ये मैदानातल्या परीक्षेत लहान मोटारसायकलला ताशी ३० किलोमीटर वेगावरून कोरड्या जमिनीवर ८ मीटरच्या आत आणि त्याहून मोठ्या गाड्यांना ताशी ४० वरून ११ मीटरच्या आत थांबून दाखवावं लागतं. हळू चालवण्याची कसोटी तिथेही आहे: १५ मीटर लांब आणि फक्त ३० सेंटीमीटर रुंद पट्टीवरून, ठरलेल्या सेकंदांच्या आधी पलीकडे न पोचता जायचं. दोन्ही कसोट्या एकाच मैदानात होतात. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या पहिल्या भागात ताशी निदान ५० किलोमीटर वेगावरून आणीबाणीचा ब्रेक लावावा लागतो आणि त्याच वेगाला अडथळा चुकवून जाऊन दाखवावं लागतं. मोपेडसाठी हा वेग ३० आहे. मला यातला नेमका आकडा कुठला घ्यावा याचा आग्रह नाही. ताशी ३० किलोमीटर आणि जमिनीवर मारलेली एक ठळक रेघ, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्यासाठी तेवढा वेग गाठण्यापुरती आणि थांबण्यापुरती सरळ जागा लागते, महागडं यंत्र लागत नाही.

आता गाड्यांमध्येच सुधारणा झाल्यात, एक लिव्हर दाबली तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, चाक जाम होऊ न देणारं एबीएस आलंय, मग हे शिकायची काय गरज, असं काहीजण म्हणतात. या सुधारणा मोलाच्या आहेत आणि त्या प्रत्येक स्कूटरवर असाव्यात असं मला वाटतं. पण जोडलेल्या ब्रेकमध्येही डाव्या लिव्हरने पुढच्या चाकाला मिळतो तो थोडा वाटा असतो. पूर्ण जोर हवा तर उजवी लिव्हर धरावीच लागते. एबीएस घसरणं टाळतं, दाबायला कचरणाऱ्या बोटांना जोर देत नाही.

थांबण्याच्या आधी येतं ते पाहणं. हर्ट यांच्या अहवालात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा जाण्याचा हक्क डावलला होता. म्हणजे आमची चूक नसतानाही आम्हीच खाली पडतो. मोटारवाल्याने चौकात पाहिलेलं असतं, तरी त्याला आम्ही दिसलेलो नसतो. स्कूटर समोरून पाहिली तर अरुंद असते, मोटारीच्या काचेशेजारच्या खांबाआड सहज लपते, आणि लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि हळू येतेय असं डोळ्यांना वाटतं. हे एकदा समजलं की चौक ओलांडण्याची पद्धतच बदलते. समोरून वळू पाहणाऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकाकडे बघायचं, कारण मोटार हलायच्या आधी चाक हलताना दिसतं. बोटं लिव्हरवर आणायची. मोठ्या वाहनाच्या अगदी मागे लपून चौकात शिरायचं नाही. बाजूला सरकण्यापूर्वी आरसा पाहायचा आणि त्यानंतर मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं, कारण आरशात सगळं मावत नाही.

यातलं काय परीक्षेत तपासता? इंडिकेटर लावला का, हे तपासता. मान वळली का, हे तपासणं तेवढंच सोपं आहे, परीक्षकाला ते लांबूनही दिसतं. आणि धोका ओळखण्याची परीक्षा पडद्यावर घेता येते. ब्रिटनने २००२ पासून लेखी परीक्षेला ती जोडली आहे. रस्त्याचं चित्रण चालू असतं आणि धोका आकाराला येताना दिसला की उमेदवाराने लगेच कळ दाबायची. शिकाऊ परवान्यासाठी तुम्ही आम्हाला संगणकासमोर बसवताच. त्याच खुर्चीत बसून चिन्हांची नावं सांगण्याबरोबर, उभ्या मोटारीचं दार उघडतंय हे वेळेत ओळखता आलं का, हेही विचारता येईल.

शिकाऊ परवान्याच्या काळाबद्दलही बोललं पाहिजे. पुष्कळ नियमांच्या मागे मोटारीची कल्पना आहे, त्यांत दुचाकीला नंतर बसवलेलं आहे. मोटारीत शिकवणारा शेजारी बसतो, त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असू शकतो, तो हात लांबवून स्टेअरिंग धरू शकतो. स्कूटरवर शिकवणाऱ्याची जागा मागच्या सीटवर. तिथून त्याला ब्रेक लावता येत नाही, शिकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि त्याच्या वजनाने गाडीचा तोलच बदलतो. नवख्याला एकट्याची गाडी पेलवत नसते तिथे डबलसीट चालवायला लावणं म्हणजे अवघड धडा आधी देणं. म्हणून दुचाकीचं पहिलं शिक्षण बंद मैदानात, एकट्याने, आणि रस्त्यावर जायच्या आधीच झालं पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९० पासून असं एक सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आहे. आधी मैदान, मग निदान दोन तास प्रत्यक्ष रस्ता, आणि रस्त्यावर शिकवणारा आपल्या दुसऱ्या गाडीवरून मागे येत रेडिओवरून कानात सूचना देतो. ते पूर्ण केल्याशिवाय शिकाऊ माणसाने रस्त्यावर एकट्याने जायचं नाही.

काही देशांत मोटारीचा परवाना असला की १२५ सीसीपर्यंतची स्कूटर चालवता येते. कामावर जाण्यासाठी मोटार सोडून स्कूटर घेणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो, रस्त्यावरच्या मोटारी कमी व्हाव्यात असं वाटणाऱ्या सरकारांनाही तो आवडतो. स्पेनने २००४ मध्ये मोटारीचा परवाना तीन वर्षं जुना असलेल्यांना ही मुभा दिली. त्यानंतर बार्सिलोनात हलक्या मोटारसायकलींवर जखमी होणाऱ्यांची संख्या वाढली. गाड्यांची संख्याच वाढली हे त्याचं मोठं कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे. तरीही फ्रान्सने अशा चालकांना २०११ पासून सात तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि जर्मनीने २०२० च्या सुमारास अशी मुभा देताना प्रत्येकी ९० मिनिटांचे निदान नऊ पाठ घ्यायला लावले. परीक्षा नसली तरी शिकणं आहे. मोटार चालवणाऱ्याला रस्त्याचे नियम पाठ असतात, ते त्याच्या उपयोगाचे आहेतच. पण त्याच्या उजव्या मनगटाला काहीच माहीत नसतं, आणि आपल्याला गाडी येते हा विश्वास मात्र त्याच्याकडे भरपूर असतो.

हेल्मेटबद्दल नियम बहुतेक ठिकाणी आहेत, म्हणून लांबवत नाही. २००८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं आढळलं. एवढीच विनंती, की परीक्षेला येणाऱ्याचा पट्टा बांधलेला आहे का, आणि पट्टा बांधून मागून वर ढकललं तर हेल्मेट निघून येतं का, हे गाडी सुरू करण्यापूर्वी हाताने तपासा. सैल हेल्मेट डोक्यावर असूनही पडताना सोबत करत नाही.

माझ्या मागणीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतःही मानते. परीक्षा अवघड केली की लोक परवाना काढायचंच टाळतात. ज्यांना रजा टाकणं परवडत नाही, ज्यांच्याकडे सरावाला गाडी नाही, ज्या बायका घरच्यांशी वाद घालून शिकायला आलेल्या असतात, त्यांना दोनदा नापास केलं तर त्या तिसऱ्यांदा येत नाहीत. त्यातले काहीजण परवान्याशिवायच चालवतात, आणि मग त्यांना कुणीच काही शिकवत नाही. म्हणून मी नापास होणाऱ्यांची संख्या वाढवा असं मुळीच म्हणत नाही. मजकूर बदला, आणि शिकायला जागा द्या. परीक्षेचं मैदान परीक्षा नसलेल्या वेळी सरावासाठी उघडं ठेवा. तिथे थांबण्याची रेघ आखलेली असू द्या. उमेदवार एकदा चुकला तर त्याच दिवशी आणखी एक संधी द्या, कारण पहिल्या खेपेला चूक बहुतेक वेळा भीतीने होते. आणि नापास केलंत तर कशामुळे ते दोन ओळींत लिहून द्या: मूठ सोडली नाही, पुढचा ब्रेक वापरला नाही, चाक घसरलं, मान वळली नाही. आज बहुतेकांना फक्त निकाल कळतो. पाय टेकला होता हे त्यांना माहीत असतं, का टेकला हे कुणी सांगत नाही.

परीक्षकांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्यासमोर दिवसभर रांग असते, प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटं येतात, आणि समोरच्याला फक्त सही हवी असते. त्या घाईत तुम्ही एक गोष्ट करू शकता, त्यासाठी नियम बदलण्याची वाट पाहायला नको. उमेदवार आठ काढून परत येतो तेव्हा तो तुमच्या दिशेनेच येत असतो. त्याला कुठे थांबायचं ते दाखवा आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघा. बोटं लिव्हरवर आहेत का? गाडी दोन्ही ब्रेकने थांबली, की पाय घासत थांबली? पाय घासत थांबणारा माणूस ताशी ४० वर कसा थांबेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. त्याला तेवढं एक वाक्य सांगा. तुमच्या तोंडून ऐकलेलं तो विसरणार नाही, कारण त्या क्षणी तो तुमच्याकडे जितकं लक्ष देऊन ऐकत असतो तितकं पुढे रस्त्यावर कुणाचंच ऐकणार नाही.

आणि नियम ठरवणाऱ्यांना विनंती, की परीक्षेचा नमुना पुढच्या वेळी बदलायला घ्याल तेव्हा त्यात किमान वेग आणि थांबण्याचं कमाल अंतर हे दोन आकडे लिहा. ते आधीपासून जाहीर करा, म्हणजे शिकवणाऱ्या संस्था त्याप्रमाणे शिकवतील आणि आम्ही त्याप्रमाणे सराव करून येऊ. ते आकडे ठरवण्यासाठी बैठक बोलावलीत, तर टेबलाभोवती रोज कामावर स्कूटरने येणारे दोन-तीन जणही बसवा. कुठल्या चौकात कोण कसं आडवं येतं, पहिल्या पावसात कुठे घसरतं आणि कुठला धडा मैदानातच मिळायला हवा होता, हे ते तुम्हाला विनामूल्य सांगतील. मीही येईन.

आपली,
रोज स्कूटरने कामावर जाणारी एक परवानाधारक